धुलाईघरातल्या सहा चकत्या

मोजणीवाली पहिल्यांदा धुलाईघरात उतरली तेव्हा थोरलीनं इस्त्रीच्या रुळावरून मान वर केली नाही. पायातले बूट मात्र तिनं नीट निरखून घेतले. तोंड काय, शिकवाल तसं बोलतं, बूट बिचारे खरं ते सांगतात. मागच्या अंगणात सकाळपासून साबणाचं पाणी तुंबलेलं होतं आणि या बाईचे बूट कोरडे ठणठणीत. म्हणजे ती मागच्या दारानं कामगारांच्या वाटेनं आली नव्हती, पुढच्या दारानं मुकादमाच्या खोलीतून आली होती.

"आली बघ," रुळाच्या पलीकडून चादरीचं टोक ओढणारी जोडीदारीण पुटपुटली. "रक्त न्यायला आली असेल."

"मागच्या खेपेला आले होते त्यांनी नेलंय की," थोरली म्हणाली. "बाटलीभर रक्त नेलं, पानभर सवाल विचारले आणि गेले ते गेलेच. माझं रक्त कुठं फिरतंय देवाला माहीत."

ते धुलाईघर एका मोठ्या दवाखान्याच्या पोटात, तळघरात होतं. वर चारशे खाटा. त्या चारशे खाटांच्या चादरी, अभ्रे आणि रोग्यांचे झगे रोज एका घसरगुंडीवरून खाली येऊन पडत. वरच्या मजल्यांवर डॉक्टर होते, परिचारिका होत्या, सगळ्यांच्या छातीवर नावाच्या पट्ट्या होत्या. खाली सहा बायका होत्या आणि त्यांची नावं वर कुणालाच ठाऊक नव्हती. देवाच्या वहीत असतील तेवढीच.

सहांपैकी दोघी रुळावर. चौघी झटकायच्या खोलीत, म्हणजे धुण्याआधी प्रत्येक कपडा झटकून बघायचा तिथं. चादरीच्या घडीत काय नसतं? सुया, कापूस, चमचे, केसांच्या पिना. एकदा तर दातांची अख्खी कवळी निघाली होती आणि ती वर पोचवायला गेलेल्या बाईला विचारलं गेलं होतं, "तुमची का?" त्यावर धुलाईघर आठवडाभर हसत होतं. पण झटकताना नुसती कवळी पडत नाही. पावडर उडते, खपल्या उडतात, कपड्याची लव उडते. खिडकी नाही. दिव्याखाली बघावं तर हवेत धुकं तरंगतंय असं वाटायचं.

त्या धुक्यात थोरलीची धाकटी जाऊ सात वर्षं उभी होती आणि आठ महिन्यांपासून खोकत होती.

खोकला म्हणजे कसा? आधी एक ढास, मग दुसरी, मग वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर. वाकलं की नजर चुकते आणि नजर चुकली की सुई राहते. या धुलाईघरात एक खिळा होता. वरून एखादा कपडा डाग राहिला म्हणून, सुई राहिली म्हणून परत आला की मुकादम तो दाराजवळच्या त्या खिळ्याला दिवसभर टांगायचा आणि खाली चिठ्ठी लावायचा, कुणाच्या हातचा ते. येता-जाता सगळ्यांनी बघायचं. धाकटीची चिठ्ठी त्या महिन्यात दोनदा लागली होती. "तिसऱ्यांदा लागली की घरी," मुकादमानं सांगून ठेवलं होतं. तो बोलायला लागला की नाकातून बारीक शिट्टी वाजायची, म्हणून बायका त्याला शिट्टीच म्हणत.

"साहेब, तिला रुळामागच्या घड्यांच्या टेबलावर घ्या," थोरलीनं दोनदा विनवलं होतं. "खोकला त्या खोलीचा आहे."

"खोकला तुमच्या घरच्या धुराचा आहे," शिट्टी म्हणाला होता. "खोलीचा असेल तर सिद्ध करा."

आता सांगा, खोकला सिद्ध कसा करायचा? तो काय साक्षीदार घेऊन येतो?

आणि नेमकं हेच सिद्ध करायला आपण आलोय असं ती मोजणीवाली सांगत होती. दवाखान्यात जे काम करतात पण कुणाच्या नजरेत येत नाहीत, त्यांच्या छातीत काय जातं, ते मोजायचं. तिनं सहा छोटी यंत्रं काढली. डबी कमरेला, नळी खांद्यावरून, आणि नळीच्या तोंडाशी, गळ्याजवळ, पारदर्शक झाकणाची एक टिकली. टिकलीत पांढरी, तलम चकती. सहा दिवस कामावर घालायचं. नंतर चकत्या वजनाला.

"यात आमचं बोलणं भरतं का?" थोरलीनं विचारलं.

"नाही हो मावशी. फक्त हवा ओढतं."

"हा तांबडा दिवा कशाला मग?"

"चालू आहे ते कळायला."

"आम्ही बसलो, उठलो, तेही कळत असेल."

मोजणीवाली हसली. थोरली हसली नाही. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकाची वाटी सहजासहजी तोंडाला लावत नाही. त्यात शिट्टीनं स्वतः त्या बाईसाठी खुर्ची पुसून दिलेली तिनं पाहिली होती. शिट्टी खुर्ची पुसतो? बारा वर्षांत त्यानं स्वतःचा चष्मा कधी पुसला नव्हता.

"सांभाळून वापरा, उघडू नका," मोजणीवाली म्हणाली. "रोज संध्याकाळी या पेटीत ठेवायची. पेटीची किल्ली मुकादमांकडे..."

"किल्ली आमच्याकडं राहील," थोरली ताडकन म्हणाली.

"कुणाकडं?"

थोरलीनं खोलीभर नजर फिरवली. जोडीदारीण चांगली, पण तिच्या जिभेला हाड नाही. बाकीच्यांतली एक शिट्टीच्या बहिणीच्या शेजारी राहते. भरवशाचं माणूस म्हणजे घरचं माणूस. "माझ्या जावेकडं," ती म्हणाली. "तिच्या हातचं काही हरवत नाही."

धाकटीनं मान खाली घालून किल्ली कमरेला खोचली.

सहा दिवस बायकांनी यंत्रं घातली. पहिल्या दिवशी सगळ्या कुजबुजूनच बोलल्या. दुसऱ्या दिवशी जोडीदारणीनं टिकलीला तोंड लावून शिट्टीला चार शिव्या हासडल्या आणि वाट बघितली. काही झालं नाही, मग तिसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत. चौथ्या दिवशी मात्र थोरलीनं पाहिलं की शिट्टी पेटीच्या फळीजवळ उभा आहे. तिला पाहून तो उगीच साबणाची पोती मोजायला लागला.

सातव्या दिवशी मोजणीवाली चकत्या घेऊन गेली आणि पुढल्या आठवड्यात शिट्टी हातात कागद नाचवत आला.

"ऐका! आपली हवा कशी आहे? डोंगराच्या माथ्यावर असते तशी! कच्चा आकडा आहे, सोमवारी पक्का अहवाल वर जातोय. आता कुणी खोलीचं नाव काढायचं नाही." मग धाकटीकडं वळून तो जरा खालच्या पट्टीत म्हणाला, "तू आता घरीच बैस, बाई. खोकला आमचा नाही, हे कागदावर आलंय. अहवाल गेला की तुझ्या जागी दुसरी बघतो."

धाकटी खोकलीसुद्धा नाही. ओठ मिटून खोकला आत दाबत राहिली, आणि ते बघणं थोरलीला खोकल्याहून वाईट वाटलं.

त्याच दुपारी मोजणीवाली परत आली. या खेपेला तिचे बूट ओले होते.

तिनं थोरलीला एकटीला चादरींच्या कोठारात बोलावलं, दार लोटलं. दोघी रचलेल्या चादरींच्या दोन थप्प्यांमध्ये समोरासमोर उभ्या राहिल्या. कोण कुणाला जास्त निरखतंय ते सांगणं कठीण होतं.

"मावशी, खरं सांगाल?"

"विचारून तर बघा."

"तुम्हाला मुकादमांनी काही करायला सांगितलं होतं का?"

"मला?" थोरलीचा पारा चढला. "मॅडम, खुर्ची त्यांनी तुम्हाला पुसून दिली, मला नाही. मीच विचारते. तुम्हाला त्यांनी काय सांगितलं?"

मोजणीवालीचा चेहरा पडला. तिनं पिशवीतून एक भिंग आणि खणाखणांची काचेची डबी काढली. सहा खणांत सहा चकत्या. "या बघा. सहा दिवसांच्या. आणि ही सातवी न वापरलेली, पाकिटातली. आता गंमत अशी आहे, की तुमच्या सहाही चकत्या नव्या चकतीपेक्षा हलक्या भरल्या. माणूस बागेत बसला तरी थोडी धूळ जमतेच. तुम्ही सहा दिवस श्वासच घेतला नाही असं हे वजन म्हणतंय. कुणीतरी यांत हात घातलाय. मला वाटतं मुकादमांनी."

"मग अहवाल कशाला देता?"

"पुरावा नसला तर जे वजन आलं तेच लिहावं लागतं. सोमवारी."

थोरलीला पेटीजवळचा शिट्टी आठवला. बोलायला तोंड उघडलंही. पण तेवढ्यात मोजणीवालीनं डबी उजेडाकडं तिरपी केली आणि थोरलीची नजर, जी बारा वर्षं वाफेतल्या कापडावर घासून घासून धारदार झाली होती, एका चकतीवर अडली.

"ते भिंग द्या जरा."

भिंगातून तिनं पाहिलं. चकतीवर अगदी बारीक, आडवे-उभे चौकोन उमटले होते. दुसऱ्या कुणाला ते दिसलेही नसते. थोरलीला दिसले, कारण ते चौकोन ती रोज पाहत होती. चादरीची वीण ती. ओली चकती घडी केलेल्या चादरीत ठेवून वरून वजन दिलं, की अशी वीण उमटते. नाजूक झगे, बाळांची टोपडी अशीच वाळवतात. मग तिनं डबी नाकाजवळ नेली. ब्लीचचा वास नव्हता. बाळांच्या साबणाचा मंद वास होता. धुलाईघरात सगळ्याच जणी ब्लीचच्या साबणानं हात धुवायच्या. एकीचेच हात ब्लीचनं फाटायचे, म्हणून ती पदराच्या गाठीला बाळाच्या साबणाची वडी बांधून आणायची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"काही दिसलं का?" मोजणीवालीनं विचारलं. तिचा आवाज पोलिसासारखा वाटला थोरलीला.

"मला काय कळतंय त्यातलं," थोरली म्हणाली आणि भिंग परत दिलं.

संध्याकाळी घरी जाताना तिनं जावेला बसच्या थांब्यावर गाठलं. बाकावर दोघीच.

"धाकटे, पेटीची किल्ली तुझ्याकडंच होती ना सहाही दिवस?"

"होती की."

"कुणाला दिली नव्हतीस?"

"शिट्टीनं मागितली होती एकदा. नाही दिली. तुम्ही सांगितलं होतं ना."

"मग चकत्या कुणी धुतल्या?"

धाकटीनं लगेच, सरळ सांगितलं. त्यात लपवायचं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. "मी धुतल्या, जाऊबाई. रोज. सगळ्यांच्या."

"अगं पण का?"

"का म्हणजे? पहिल्याच संध्याकाळी बघते तर सगळ्या करड्या झालेल्या. माझी तर पार काळी. त्या बाईनं पांढऱ्याशुभ्र दिलेल्या. तशाच परत गेल्या असत्या तर?" खोकला आला. तो ओसरेपर्यंत ती थांबली. "माझी चिठ्ठी दोनदा लागलीय खिळ्याला. तिसरी त्या चकतीखाली लागली असती. कोमट पाणी घेतलं, साबण लावला, हलक्या हातानं चोळल्या, चादरीत दाबून वाळवल्या. एक धागा सुटू दिला नाही. चांगल्या झाल्या होत्या ना?"

थोरलीला हसू येईना आणि रडू येईना. आठ महिन्यांचा खोकला, आणि तो खोटा नाही हे सांगणारा एकुलता एक साक्षीदार, आणि तो हिनं स्वतःच्या हातानं, बाळाला घालावी तशी आंघोळ घालून, पुसून, परत पाठवलेला!

"फार चांगल्या झाल्या होत्या," ती म्हणाली. "इतक्या, की आता तुला घरी बसवतायत."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. धाकटी ऐकत गेली तसा तिचा हात पदराच्या त्या गाठीवर घट्ट होत गेला.

"सांगू नका कुणाला," ती शेवटी म्हणाली. "मीच उघडली म्हटल्यावर शिट्टी उद्याच काढेल. सोमवारपर्यंत तरी काम आहे."

दोन दिवस थोरली गप्प राहिली. रूळ फिरत होता, चादरी जात होत्या, आणि तिच्या डोक्यात एकच गिरणी चालू. सांगावं तर मोजणीवाली मुकादमाला सांगेल. बायकांनीच घोटाळा केला असं वर कळेल, जावेचं जाईलच आणि उरलेल्या पाचजणींच्या बोलण्यावरही पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. न सांगावं तर सोमवार आहेच. देवा, तू माणसाला मन दिलंस ते ठीक, पण त्याला दोन तोंडं कशाला दिलीस?

शुक्रवारी मोजणीवाली उरलेली यंत्रं न्यायला आली तेव्हा थोरलीनं तिला मागच्या अंगणात अडवलं.

"बाई, समजा एखाद्यानं चकती उघडली. समजा हं. त्याचं नाव तुम्ही कुठं लिहिता?"

"माझ्या कागदांत नावं नाहीत मावशी. आकडे आहेत. एक ते सहा."

"आकड्याला घरी बसवता येत नाही. माणसाला येतं."

मोजणीवाली सरळ खाली, उलट्या घातलेल्या बादलीवर बसली. "मी नाव विचारणारच नाही," ती म्हणाली. "काय झालं तेवढंच सांगा."

"धुतल्या."

"काय?"

"चकत्या धुतल्या. मळल्या होत्या म्हणून. मळलेलं परत करत नाही आम्ही."

मोजणीवालीनं कपाळाला हात लावला. हसेल असं थोरलीला वाटलं होतं, पण ती हसली नाही. "माझं चुकलं," ती म्हणाली. "चकती मळली पाहिजे, त्यासाठीच ती आहे, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही."

"का नाही सांगितलं?"

"आमच्यात सांगत नाहीत." ती ओशाळली. "सांगितलं तर माणसं मुद्दाम धूळ लावतील, असं शिकवलंय आम्हाला."

"वा गं वा!" थोरलीनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तुम्ही चोर समजलात आम्हाला आणि आम्ही तुम्हाला. शहाण्यांच्या या मेळाव्यात ती चकती बिचारी करणार काय?"

मग मात्र दोघींनी घासाघीस केली, भाजीवाल्याशी करावी तशी. अहवाल थांबवायचा. कारण काय लिहायचं? 'पद्धत नीट समजावली नव्हती' असं, चूक मोजणीवालीच्या पदरात. ती कबूल झाली. पुन्हा सहा दिवस मोजायचं, तोवर धाकटीला काढायचं नाही, कारण तिची चकती, क्रमांक चार, दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, तीच व्यक्ती हवी. हे मोजणीवाली स्वतः शिट्टीला सांगेल. तेही कबूल. "आणि वजन होईल तेव्हा मी तिथं बसणार," थोरली म्हणाली.

"तुमचा अजून विश्वास नाही?"

"नाही," थोरली म्हणाली. "तुमच्यावर आधीपेक्षा जरा जास्त आहे, एवढंच."

शिट्टी चरफडला. "एकदा मोजलं ना? पुन्हा कशाला?" पण वरूनच पत्र आलं म्हटल्यावर नाकानं वाजत गप्प बसला.

ते सहा दिवस धाकटीला फार जड गेले. संध्याकाळी पेटी उघडायची, सहा टिकल्या ठेवायच्या आणि करड्या होत चाललेल्या त्या चकत्या तशाच सोडून कुलूप लावायचं. तिसऱ्या दिवशी थोरली मुद्दाम थांबली, तर जाऊ पेटीसमोर उभी आणि हात कोमट पाण्याच्या नळावर.

"धाकटे!"

"नुसतं बघत होते हो." तिनं नळ बंद केला. "माझी बघा ना. कशी झालीय. असं कसं द्यायचं कुणाच्या हातात?"

"तसंच द्यायचं."

सहाव्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं टिकली मोजणीवालीला दिली. खिळ्यावरचा कपडा काढताना घालायची तशी मान खाली घातलेली. मोजणीवालीनं ती दोन्ही हातांनी घेतली.

वजनाची खोली दुसऱ्या इमारतीत, चार बस थांबे दूर होती. बसमध्ये थोरली डबी मांडीवर घेऊन बसली, मोजणीवालीला धरूही दिली नाही. तिथं काचेच्या पेटीत एक इवलासा काटा. मोजणीवालीनं चिमट्यानं एकेक चकती ठेवली आणि आकडा मोठ्यानं वाचला. आकड्यांतलं थोरलीला कळत नव्हतं, म्हणून ती मोजणीवालीचा चेहरा वाचत बसली. एक, दोन, तीन. भुवया जराशा वर. चौथी ठेवली, आणि तिनं आकडा वाचलाच नाही.

"काय झालं? बिघडलं?"

"नाही." मोजणीवालीनं चकती उचलली, पुन्हा ठेवली. "बाकीच्यांच्या दुप्पट आहे. जिथं ही व्यक्ती उभी राहते तिथं हवा अजिबात हलत नसणार. मावशी, सिद्ध झालं. आता त्यांना तिला त्या खोलीतून काढून घड्यांवर घ्यावंच लागेल, आणि त्या भिंतीला पंखा लागेल. मी लिहून देते."

आपण उड्या माराव्यात असं थोरलीला वाटलं होतं. पण काचेतल्या त्या काळ्या चकतीकडं ती बघतच राहिली. हे सहा दिवसांचं. आणि ती तिथं सात वर्षं उभी आहे.

"बाई," ती म्हणाली, "चकती धुता येते. छाती कशी धुवायची, ते सांगा."

मोजणीवालीनं चिमटा खाली ठेवला. "धुता येत नाही," ती म्हणाली. "पण कुठवर गेलंय ते बघता येतं, आणि पुढं वाढू नये म्हणून औषध असतं. उद्या सकाळी नऊ वाजता तिला छातीच्या विभागात घेऊन या. तुमच्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर."

"तिसऱ्या मजल्यावर आम्हाला कोण जाऊ देतंय? आमची वाट मागच्या दारानं."

"पुढच्या दारानं या. मी दारात उभी असेन."

"असाल?"

"असेन."

थोरलीनं तिच्याकडं एकदा नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बघू," ती म्हणाली, आणि जावेला सकाळी लवकर तयार राहायला सांगायचं म्हणून बसकडं निघाली.